स्कॉटलंडमधल्या लग्नासाठी किल्ट: आधी लांबी, मग टार्टन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्याचा, नोकरीनिमित्त एडिनबरात राहतो. मुलगी स्कॉटिश, आडनाव मॅक्लाउड, वडील लुइस बेटावरचे. ऑक्टोबरात स्टर्लिंगजवळ लग्न आहे: सकाळी आपले विधी, दुपारी तिकडच्या पद्धतीने लग्न, रात्री जेवण आणि नाच. सासऱ्यांनी आपला जुना पिवळा-काळा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत नेसतात तो निऱ्यांचा लोकरी पोशाख, जावयाला देऊ केला आहे. मुलगा विचारतो, ‘मी मॅक्लाउड नाही, मग तो घालण्याचा मला हक्क आहे का? की भाड्याने आणू? की स्वतःचा शिवून घेऊ? आणि टार्टन कोणतं?’ टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत चौकड्यांची रचना, आणि बऱ्याच टार्टनना एखाद्या कुळाचं, म्हणजे आडनावाचं, नाव असतं. डिसेंबरात पुण्याच्या रिसेप्शनलाही तोच पोशाख घालायची त्याची इच्छा आहे.

मी ग्लासगोत हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखाच्या दुकानात बरीच वर्षं मापं घेते, किल्ट शिवते आणि भाड्याने जाऊन आलेले किल्ट दुरुस्त करते. दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक नवरा मुलगा पहिला प्रश्न टार्टनचाच विचारतो. मी मात्र आधी त्याला सरळ उभं करून टेप हातात घेते. कारण चुकीच्या टार्टनने लग्नाचे फोटो बिघडलेले मी पाहिलेले नाहीत. चुकीच्या लांबीने बिघडलेले पुष्कळ पाहिलेत.

तरी हक्काचं आधी सांगून टाकते, कारण तुमच्या मनाला तेच जास्त लागलंय. बहुतेक टार्टन कुणीही घालावं, कायद्याची आडकाठी नाही. अपवाद थोडे आहेत. बाल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानलं जातं. काही टार्टन एखाद्या संस्थेची किंवा कुटुंबाची असतात आणि त्यांच्या परवानगीशिवाय गिरण्या ती विणत नाहीत. स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. त्यासाठीचा कायदा 2008 साली झाला आणि 2009 पासून ही नोंदवही सुरू झाली. ती इंटरनेटवर फुकट शोधता येते, आणि एखाद्या टार्टनवर बंधन असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं. मॅक्लाउडच्या नेहमीच्या टार्टनवर असं काही नाही.

एका कुळाचं एक टार्टन ही पद्धत आपल्याला वाटते तितकी जुनीही नाही. कलोडनच्या लढाईत हायलँडमधलं बंड मोडल्यानंतर 1746 च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली, ती 1782 साली उठली. पुढे 1815 च्या सुमारास लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवायला सुरुवात केली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा सोहळा आखला आणि सगळ्या सरदारांना टार्टन हवंसं झालं. आज आपण ज्यांना अमुक कुळाचं टार्टन म्हणतो, त्यातली बरीचशी या काळात ठरली, काही तर विणकरांच्या पुस्तकात आधी नुसत्या क्रमांकाने होती.

हे सांगितलं म्हणून सासऱ्यांच्या भावनेचं मोल कमी होत नाही. त्यांच्या वडिलांनी, त्यांनी स्वतः ते कापड लग्नात आणि मयतीत अंगावर घातलेलं असतं. त्यांनी आपणहून किल्ट पुढे केलाय, म्हणजे तुम्हाला घरचं मानलंय. यापेक्षा मोठी परवानगी कुणी देऊ शकत नाही. त्यामुळे ‘घालू का’ हा प्रश्न माझ्या मते मिटला. ‘तो किल्ट माझ्या अंगाला बसतो का’ हा खरा प्रश्न उरतो.

आता लांबी. हे जरा सविस्तर सांगते, कारण आपली मुलं इथेच चुकतात. पँट आपण आजकाल कमरेच्या हाडाखाली घालतो. किल्ट तिथे बसत नाही. त्याची वरची कड बेंबीच्या आसपास, कमरेच्या हाडाच्या साधारण दोन इंच वर येते. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा किंचित वर. पँटच्या सवयीने किल्ट खाली ओढला की तो गुडघ्याखाली लोंबतो, मागच्या निऱ्या फाकतात आणि माणूस बुटका दिसतो. म्हणून पँटच्या मापाचा आकडा दुकानात सांगूच नका. 34 ची पँट घालणाऱ्याचं बेंबीपाशी माप 36 भरणं अगदी रोजचं आहे.

सासऱ्यांचा किल्ट योग्य उंचीवर बांधा आणि जमिनीवर गुडघे टेकून ताठ बसा. पाठ सरळ हवी, टाचांवर बसायचं नाही. खालची कड जमिनीपासून एखादा इंच वर राहिली तर लांबी बरोबर. कड जमिनीवर लोळत असेल तर किल्ट लांब आहे. दोन-तीन इंच वर असेल तर आखूड.

याच्यावर सगळं का अवलंबून आहे, तर किल्टला खाली दुमड नसते. त्याची खालची कड म्हणजे कापडाची मागावर विणलेली मूळ किनार. त्यामुळे पँटसारखा खालून आखूड करता येत नाही. आखूड करायचा तर वरून कमरपट्टी उसवायची, निऱ्यांची शिवण उसवायची आणि कमरेपासून सगळं पुन्हा बांधायचं. म्हणजे जवळपास नवा किल्ट शिवण्याएवढं काम. लांब करण्याचा तर मार्गच नाही. कमरेचं मात्र तसं नाही. बकल आणि पट्टे सरकवून इंच-दोन इंच सहज मिळतात, थोडं जास्त हवं असेल तर चांगला कारागीर तेही करून देतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. गुडघे टेकल्यावर लांबीत अर्ध्या इंचाचाच फरक येत असेल, तर सासऱ्यांचाच किल्ट घाला. कमर ढिली-घट्ट असली तरी घाला. तो नीट साफ करून घ्या, पट्टे नवे लावा आणि निऱ्या एखाद्या किल्ट शिवणाऱ्याकडूनच इस्त्री करून घ्या. आधी उजेडात धरून कसर लागली आहे का तेही बघा. लोकरीच्या जुन्या किल्टला कसरीची बारीक भोकं बहुधा निऱ्यांच्या आतल्या घडीत असतात, वरून दिसत नाहीत. दोन-चार भोकं रफू होतात, चाळण झाली असेल तर नाही.

लांबी दोन इंचांनी चुकत असेल तर तो घालू नका. सासऱ्यांना गुडघे टेकून दाखवा. ज्याने आयुष्यभर किल्ट घातला आहे त्याला एका नजरेत कळेल, समजावून सांगावं लागणार नाही. अशा वेळी त्यांच्याच टार्टनचा किल्ट भाड्याने आणा किंवा शिवून घ्या. त्यांना जे द्यायचं होतं ते तुमच्यापर्यंत पोचतंच.

इथे टार्टन येतं, आणि मॅक्लाउड म्हटलं की एक गोष्ट नक्की विचारावी लागते. या कुळाच्या दोन मोठ्या शाखा: लुइसचे मॅक्लाउड आणि हॅरिसचे मॅक्लाउड. हॅरिसच्या शाखेचं मुख्य ठाणं म्हणजे स्काय बेटावरचा डनव्हेगन किल्ला. लुइसचं टार्टन ठसठशीत पिवळं, त्यावर रुंद काळे पट्टे आणि मधून बारीक लाल रेघ. लांबूनही ओळखू येतं, म्हणून इथे त्याला ‘लाउड मॅक्लाउड’ म्हणतात. हॅरिसचं निळं, हिरवं आणि काळं, त्यात पिवळ्या आणि लाल बारीक रेघा. सासऱ्यांचा हा किल्ट पिवळा असला, तरी लुइसवरच्या घराण्यात नेहमी पिवळंच घालतात असं गृहीत धरू नका. लग्नासाठी एक आणि एरवी दुसरं अशी घरंही मी पाहिली आहेत. भाड्याच्या दुकानात नुसतं ‘मॅक्लाउड’ म्हणालात तर कोणतं येईल याचा भरवसा नाही. शाखा सांगा.

पिवळ्याबद्दल माझं मत विचाराल तर ते आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर फार सुंदर दिसतं. गोऱ्यापान माणसाला ते कधी कधी फिकट पाडतं, आपल्याला उजळवतं. आणि सकाळी हळद लागलेल्या मुलाने दुपारी पिवळं नेसावं हे मला मनापासून आवडतं. पण मग अंगावरचं बाकी सगळं शांत ठेवायला हवं. जॅकेट काळं किंवा कोळशाच्या रंगाचं, मोजे काळे किंवा साधे करडे, टाय एकरंगी. टार्टनचा टाय टार्टनच्या किल्टवर नको.

एकाच टार्टनच्या रंगछटाही वेगवेगळ्या मिळतात. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद रंग, ‘एन्शंट’ म्हणजे फिके, जुन्या वनस्पतीजन्य रंगांची आठवण देणारे, आणि ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पावसात विटल्यासारखे तपकिरी-करडे. नावावरून एन्शंट जास्त जुनं आणि खरं असं समजू नका, रचना तीच असते. सासरे, मेहुणे आणि तुम्ही एका फोटोत उभे राहणार असाल तर छटा एकच हवी. एकाच छटेचं कापडही दोन गिरण्यांचं असलं तर थोडं वेगळं दिसतं. म्हणून नमुना मागवून सासऱ्यांच्या किल्टशेजारी ठेवा, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. नमुना तळहाताएवढा नको. टार्टनचं एक पूर्ण घर, म्हणजे जिथून रचना पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचा तुकडा, सहा-आठ इंचांचा असू शकतो. लहान तुकड्यात पिवळा दिसला आणि अख्ख्या किल्टमध्ये काळा वाटला, असं होतं.

सासऱ्यांचं टार्टन घालायचं मनातून नकोच असेल, तर त्यातही अपमान काही नाही, फक्त लवकर आणि समोर बसून सांगा. मग तुमच्यापुढे गावा-प्रदेशांची टार्टन आहेत. तुम्ही एडिनबरात राहता, कर भरता, घर करता, तर एडिनबराचं टार्टन तुमचंच आहे. नाहीतर सगळ्यांसाठी खुली टार्टन आहेत. ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीचं गडद निळं-हिरवं-काळं टार्टन जवळजवळ प्रत्येक दुकानात सगळ्या मापांत असतं आणि पैठणीच्या कुठल्याही रंगाशेजारी उभं राहतं. नवं टार्टन आखून स्वतःच्या आडनावाने नोंदवताही येतं. सिंग आडनावासाठी 1999 साली असं टार्टन तयार झालं. कल्पना सुंदर आहे, पण कापड खास विणून घ्यावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. ऑक्टोबरच्या लग्नासाठी आता ते सुरू करू नका. पहिल्या वाढदिवसाला करा, लग्नाच्या.

भाड्याने की विकत, हे खरोखर तुमच्यावर आहे. भाड्याचा पूर्ण पोशाख, म्हणजे किल्ट, जॅकेट, वेस्टकोट, स्पोरन (पुढे लटकणारी पिशवी), मोजे आणि बूट, साधारण 100 ते 150 पौंडांत मिळतो. हाताने शिवलेला पूर्ण किल्ट एकटाच 500 ते 800 पौंडांच्या घरात जातो आणि तयार व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. भाड्याने घेताना अडचण लांबीची. पुष्कळ दुकानांत 24 इंचांचे किल्ट भरपूर असतात, ते पावणेसहा फुटांच्या माणसाला ठीक. तुम्ही साडेपाच फुटांचे असाल तर तो गुडघा झाकतो. ‘आखूड लांबीचा किल्ट याच टार्टनमध्ये आहे का’ हे पहिल्याच फोनवर विचारा आणि ठरवण्यापूर्वी जाऊन घालून बघा. आखूड नसेल तर टार्टन बदला. हे वाक्य ऐकून लोक नाराज होतात, पण मी दुसरं सांगणार नाही.

तुम्ही इथेच राहणार, मित्रांची लग्नं होणार, पुण्यालाही घालणार, तर मी शिवून घ्या म्हणेन. त्यासाठी आठ वार कापड लागतं, नऊवारीपेक्षा वारभरच कमी. रुंद कापड चार वार घेऊन ते मधून उभं कापतात आणि जोडतात. पुढे दोन सपाट पदर, मागे सगळ्या निऱ्या. निऱ्या घालताना प्रत्येक निरीत टार्टनचं एक अख्खं घर आत मुडपलं जातं आणि बाहेर अशी पट्टी ठेवतात की मागून पाहिल्यावर सलग टार्टनच दिसावं. दुसरी, लष्करी पद्धत म्हणजे प्रत्येक निरीवर एकच रेघ मध्यभागी आणायची. लुइसच्या मॅक्लाउडमध्ये या पद्धतीने मागची बाजू अगदी वेगळी दिसते: उभं राहिल्यावर एक रंग, चालताना निऱ्या हलल्या की दुसरा रंग आतून चमकतो. नाच असेल तर मी हीच पद्धत सुचवते. निऱ्या नितंबापर्यंत शिवलेल्या असतात आणि कमरेकडे जाताना प्रत्येक निरी थोडी थोडी निमुळती होते. किल्ट अंगावर बसतो तो या निमुळतेपणामुळे, पट्ट्यांमुळे नाही. पाच वारांचे स्वस्त किल्ट मिळतात, ते खेळाला आणि भटकंतीला ठीक. लग्नात घेर कमी पडतो.

कापडाचं वजन औंसात सांगतात. 16 औंसांचं कापड उत्तम पडतं, निऱ्या घट्ट धरतं, स्टर्लिंगच्या ऑक्टोबरच्या वाऱ्यात उडत नाही. 13 औंसांचं हलकं, पण धड असतं. पुण्यात डिसेंबरात संध्याकाळी बाहेर लॉनवर रिसेप्शन असेल तर 16 चालेल, बंद हॉलमध्ये दिव्यांखाली तीन तास उभं राहायचं असेल तर घाम फुटेल. दोन्हीकडे घालायचा म्हणता, म्हणून 13 घ्या. 10-11 औंसांचं मी लग्नासाठी शिवतच नाही, निऱ्या दुपारपर्यंत टिकत नाहीत.

जॅकेटचं लवकर सांगते. प्रिन्स चार्ली नावाचं आखूड जॅकेट बो टायबरोबर घालतात, ते मुळात संध्याकाळचं. आर्गाइल जॅकेट टायबरोबर, दिवसभर चालतं. तुमचं लग्न दुपारचं आहे, म्हणून आर्गाइल घ्या. वेस्टकोट असेल तर कमरेला पट्टा नको. शेरवानी किल्टवर घालू का असं पुष्कळ जण विचारतात. घालू नका, ती गुडघ्यापर्यंत येते आणि किल्टच झाकून टाकते. सूटचा कोटही त्याच कारणाने नको. बंदगळा आवडत असेल तर किल्टच्या मापाने आखूड, पुढून स्पोरनसाठी मोकळा असा शिवून घेता येतो आणि तो देखणा दिसतो. फेटा घालायचा तर सकाळच्या विधीला धोतराबरोबर मनसोक्त घाला. दुपारी किल्टवर हवाच असेल तर टार्टनमधल्या बारीक रेघेचा रंग निवडा, इथे लाल. पिवळा फेटा पिवळ्या किल्टवर नको.

स्पोरन विकत घेताना किंवा भाड्याने घेताना घरच्यांशी एकदा बोला. पुढे लटकणारी ही पिशवी बहुधा गाईच्या कातड्याची असते, समारंभाची असेल तर सीलच्या केसाळ कातड्याचीही. काही घरांत हे चालत नाही आणि ते लग्नाच्या सकाळी कळू नये. सशाच्या केसांचे आणि कृत्रिम केसांचेही मिळतात, दुकानात स्पष्ट विचारा. तो वेस्टकोटच्या खाली साधारण हातभर नव्हे, चार बोटं लोंबायला हवा.

उजव्या मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीन डू, हिच्याबद्दलही सांगते. स्कॉटलंडच्या 1995 च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती जवळ बाळगायला मुभा आहे. विमानात ती हातातल्या बॅगेत न्यायची नाही, सामानात टाका. पुण्याच्या रिसेप्शनला सरळ घरी ठेवा. मोज्याची दुमड गुडघ्याच्या खाली तीन बोटांवर आली पाहिजे. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून टोचली तर बसताना कापड ओढलं जाऊन फाटतं, मी असे फाटलेले पदर पुष्कळ शिवले आहेत. भाड्याच्या किल्टखाली अंतर्वस्त्र घालायचंच. बसताना मागून हाताने निऱ्या सपाट करत बसा, रात्री नाचायच्या आधी घरी दोन-तीनदा सराव करा.

पुण्याहून येणारे मित्र आणि भाऊ किल्ट घालणार असतील तर त्यांनी मापं स्वतः घेऊ नयेत, दुसऱ्याकडून घ्यावीत. खाली वाकून टेप पाहिला की माप बदलतं. तीन आकडे हवेत: बेंबीपाशी कमर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. शिवाय उंची, छाती आणि बुटाचा नंबर. सगळ्यांना एकच टार्टन भाड्याने हवं असेल तर आत्ताच फोन करा, ऑक्टोबरचे शनिवार लवकर भरतात. तुमच्या वडिलांनी मात्र किल्ट घातलाच पाहिजे असं मुळीच नाही. धोतर, कोट आणि फेटा घालून ते सासऱ्यांशेजारी उभे राहिले तर दोन्ही घरं फोटोत नीट ओळखू येतील.

सासऱ्यांचा किल्ट या आठवड्यात गुडघे टेकून पाहा आणि कड जमिनीपासून किती वर राहते तो आकडा, सोबत तुमची उंची आणि बेंबीपाशी कमरेचं माप इथेच लिहा. तोच किल्ट जमेल की दुसरा पाहावा लागेल हे त्यावरून सांगते.